पाणबुडी चुंबकाने सापडते का, आणि युद्धनौकेचं चुंबकत्व नेमकं कशासाठी कमी करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पृथ्वीच्या क्षेत्रातला इतका बारीक फरक मोजतात, तर दीड-दोन हजार टनांची पोलादी पाणबुडी युद्धनौकेला चुंबकावरून का सापडू नये? आणि सापडत नसेल, तर नौदलं आपल्या जहाजांचं चुंबकत्व कमी करण्यावर एवढा खर्च का करतात? डीगॉसिंग (म्हणजे हेच चुंबकत्व कमी करणं) केलेलं जहाज ‘अदृश्य’ होतं का, हे शेपूटही तुम्ही जोडलं आहे.

इथे दोन वेगळी कामं एकमेकांत गुंतली आहेत. पाणबुडी शोधणं हे मुख्यतः आवाजाचं काम. जहाजाचं चुंबकत्व कमी करणं हे मुख्यतः समुद्रातल्या सुरुंगापासून वाचण्याचं काम. पण तुमचा गोंधळ अगदीच बिनबुडाचा नाही, कारण दोन्हीच्या मुळाशी नियम एकच आहे: लांबून पाहिलं तर कुठल्याही चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट झालं की संकेत आठव्या हिश्शावर येतो.

हिशेब करून पाहू. मध्यम आकाराच्या पोलादी पाणबुडीचं चुंबकीय आघूर्ण (चुंबक म्हणून तिची एकूण ताकद) एक लाख अँपिअर-चौरस मीटर धरू. हा उदाहरणापुरता गोल आकडा आहे. खरा आकडा हलचं (बाहेरच्या सांगाड्याचं) पोलाद, शेवटचं डीपर्मिंग (पोलादात मुरलेलं चुंबकत्व काढणं, पुढे सांगितलं आहे) कधी झालं आणि पाणबुडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, यावर बदलतो. तिच्या बाजूला २०० मीटरवर साधारण सव्वा नॅनोटेस्लाचा (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) फरक पडेल. ४०० मीटरवर ०.१६, आणि ८०० मीटरवर ०.०२. मुंबईच्या आसपास पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला आहे. म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या पुढे आपण पाच ते वीस लाखांतला एखादा भाग शोधत असतो. अलिबागची वेधशाळा हे करू शकते, पण ती एका जागी स्थिर आहे, तिच्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही, आणि ती मुंबईहून तिथे हलवली तीच १९०४ साली, शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून. युद्धनौका म्हणजे त्या ट्रामसारखी हजारो टनांची चालती गडबड. तिच्यावर मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण, बसवला तर त्याला पहिल्यांदा ती स्वतःच दिसेल.

म्हणून हे उपकरण विमानावर असतं. ‘मॅग्नेटिक अॅनोमली डिटेक्टर’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘मॅड’ म्हणतात. विमानाच्या शेपटीमागे जो लांब काटा दिसतो त्याच्या टोकाला सेन्सर असतो, इंजिन आणि चाकांपासून शक्य तितका दूर. हेलिकॉप्टर तोच सेन्सर केबलने मागे ओढत नेतं. गोव्याच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर २०२३पर्यंत असलेल्या आयएल-३८ या गस्ती विमानाला असा काटा होता, आणि आजच्या पी-८आय या गस्ती विमानालाही मॅड आहे. गंमत म्हणजे अमेरिकी नौदलाच्या पी-८एमधून तो काढून टाकला आहे. ते विमान उंचावरून काम करेल असं धरलं, आणि उंचावरून मॅडचा उपयोग जवळजवळ शून्य. घनाचा नियम इथे निर्दयी आहे: विमान पाण्यापासून १०० मीटरवर आणि पाणबुडी २०० मीटर खोल असेल तर एकूण अंतर ३०० मीटर झालं, मग अगदी डोक्यावरून गेलात तरी त्याहून कमी होत नाही.

संवेदनशीलता हा खरा अडथळा नसतो, गोंगाट असतो. साधारण २०० नॉट वेगाने जाणाऱ्या विमानाला हा संकेत पाच-दहा सेकंदांच्या एका हेलकाव्यासारखा दिसतो. नेमक्या त्याच पट्ट्यात समुद्राच्या मोठ्या लाटाही असतात, कारण खारं पाणी पृथ्वीच्या क्षेत्रात हलतं तेव्हा त्यात प्रवाह तयार होतात. विमान वळलं, कलंडलं की त्याचं स्वतःचं क्षेत्र बदलतं. हे काढून टाकण्यासाठी आधी एक कंपेन्सेशन उड्डाण करतात: चार दिशांना सरळ जायचं आणि प्रत्येक दिशेला ठरावीक अंशांत डावी-उजवीकडे कलंडायचं, नाक वर-खाली करायचं, शेपूट हलवायची. त्यावरून संगणक विमानाचा स्वतःचा वाटा शिकतो आणि नंतर वजा करतो. हे उड्डाण घाईत उरकलं की पुढे सगळीकडे पाणबुड्याच पाणबुड्या दिसायला लागतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक त्रास आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट किनाऱ्यावर संपत नाही, तो समुद्राच्या तळाखालीही पसरलेला आहे, आणि बेसाल्ट चांगलाच चुंबकीय असतो. बुडालेली जहाजं, तेलाच्या पाइपलाइन हे वेगळंच. म्हणून मॅडने समुद्र धुंडाळत नाहीत. आवाजावरून जागा जवळपास नक्की झाल्यावर, टॉर्पेडो टाकण्याआधी ‘खाली खरंच लोखंड आहे का’ एवढी खात्री त्यावर करतात.

मग शोध कसा लागतो? सोनारने, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून वस्तू शोधणाऱ्या यंत्राने. आणि सोनारमध्ये यंत्राइतकंच महत्त्व पाण्याला असतं. जहाजाच्या नाकाखालच्या घुमटातला सोनार ‘पिंग’ सोडतो, बहुधा काही किलोहर्ट्झचा. कोमट पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५४० मीटर जातो, म्हणजे १० किलोमीटरवरून प्रतिध्वनी यायला तेरा सेकंद. प्रतिध्वनीचा सूर बदललेला असला तर वस्तू हलते आहे हे कळतं: ५ किलोहर्ट्झला दर नॉटमागे सुमारे सव्वातीन हर्ट्झ. पाणबुडीचा कप्तान हे जाणतो. तो आडवा राहतो, म्हणजे आपल्याकडे येतही नाही आणि दूर जातही नाही. सूर बदलत नाही आणि प्रतिध्वनी खडकासारखा वाटतो.

आवाज सरळ जात नाही, ही सगळ्यात मोठी अडचण. पाणी एक अंशाने गार झालं की वेग सेकंदाला अडीच-तीन मीटरने कमी होतो, आणि आवाज नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वाकतो. अरबी समुद्रात वर एकसारख्या तापमानाचा थर असतो आणि त्याखाली तापमान झपकन उतरतं. त्या उताराला थर्मोक्लाइन म्हणतात. नाकातल्या सोनारचा आवाज तिथे पोहोचला की खाली वाकतो आणि पुढे एक सावली तयार होते. पाणबुडी त्या सावलीत बसली तर पाच-सहा किलोमीटरवरूनही निसटू शकते. थर किती जाड आहे हे ऋतूवर ठरतं: एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला असताना तो पातळ, तर पावसाळ्यात वाऱ्याने समुद्र घुसळल्यावर खोल. शांत, उन्हाच्या दिवशी दुपारनंतर वरचं पाणी आणखी तापतं आणि सकाळी मिळालेला पल्ला संध्याकाळपर्यंत राहत नाही. त्यामुळे ‘या सोनारचा पल्ला किती’ या प्रश्नाला एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जहाजावर रोज, आणि गरज पडली तर दर काही तासांनी, तापमान मोजणारं बारीक तांब्याच्या तारेचं एकदाच वापरायचं प्रोब पाण्यात सोडतात, आणि त्यावरून त्या दिवसाचा पल्ला काढतात.

थराखाली ऐकायचं तर कान थराखाली न्यायला हवा. त्यासाठी केबलला बांधून खोल सोडलेला सोनार, हेलिकॉप्टरमधून बुडवलेला सोनार, किंवा जहाजामागे ओढलेली शेकडो मीटर लांबीची हायड्रोफोनची (पाण्यात ऐकणाऱ्या मायक्रोफोनची) माळ, म्हणजे टोव्ड अॅरे. ही माळ फक्त ऐकते. पंख्याच्या पाती, पंप, जनरेटर यांचे ठरावीक सूर ती पकडते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ९० फेरे घेत असेल तर साडेदहा हर्ट्झचा ठोका मिळतो. इतका खालचा आवाज फार दूर जातो. पण सरळ माळेला डावं-उजवं कळत नाही. जहाजाने वळण घ्यायचं, माळ पुन्हा सरळ व्हायची वाट पाहायची आणि मगच दोनपैकी खरी दिशा कुठली ते ठरतं. वाट न पाहता घाईने दिशा दिली की हेलिकॉप्टर चुकीच्या बाजूला जातं. ही चूक नवीन माणसांकडून नेहमी होते.

किनाऱ्याजवळ हे सगळं आणखी बिघडतं. मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत समुद्र उथळ आहे, खोली बहुतेक शंभर मीटरच्या आत. पिंग तळावर आपटून परत येतो, वरून ट्रॉलरचे आवाज, आणि खाली नांगी आपटून चुटकी वाजवणाऱ्या कोळंबीचा अखंड कडकडाट. अशा पाण्यात लांबचा पल्ला मिळत नाही, म्हणून उथळ पाण्यासाठी छोटी जहाजं वेगळी बांधतात. जून २०२५मध्ये नौदलात आलेली आयएनएस अर्नाळा, वसईजवळच्या किल्ल्याच्या नावाची, याच कामाची आहे. आणखी एक हिशेब कायम लक्षात ठेवा: पिंगला जाऊन परत यायचं असतं, पाणबुडीला तो फक्त एकदाच ऐकायचा असतो. तुम्ही तिला शोधण्याच्या कितीतरी आधी तिला तुम्ही कळलेले असता. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवली, हे आपल्याकडे या विषयावर बोलताना कायम मनात असतं.

आता दुसरा अर्धा भाग. जहाजाचं चुंबकत्व लांबून दिसत नाही हे आपण पाहिलं. पण सुरुंग लांब नसतो. तो तळावर पडलेला असतो आणि जहाज त्याच्या डोक्यावरून जातं, पंधरा-वीस मीटरवरून. तिथे कुठलाही उपाय न केलेल्या पोलादी जहाजाचा चुंबकीय ठसा, म्हणजे त्याच्यामुळे पडणारा क्षेत्रातला फरक, हजारो नॅनोटेस्लांत असतो, आणि चुंबकीय सुरुंग त्यावरूनच फुटतो. ८०० मीटरवर शोधणाऱ्याचं नुकसान करणारा घनाचा नियम इथे जहाजाच्या विरोधात उलटतो. १९३९च्या शरदात जर्मनीने असे सुरुंग इंग्लंडच्या किनाऱ्यावर टाकले तेव्हा जहाजं कशाने बुडताहेत हे लवकर कळेना. नोव्हेंबरमध्ये शूबरीनेसच्या चिखलात एक सुरुंग अखंड सापडला, लेफ्टनंट कमांडर जॉन औव्हरी यांनी तो हाताने निकामी केला, आणि उपाय शोधता आला. ‘डीगॉसिंग’ हा शब्द चार्ल्स गुडीव यांनी गाउस या एककावरून तेव्हाच बनवला. जुन्या रंगीत मॉनिटरच्या मेनूत ‘डीगॉस’ नावाचं बटण असायचं, दाबलं की ‘धप्प’ आवाज यायचा. तो शब्द इथूनच आला.

जहाजाच्या चुंबकत्वाचे दोन भाग असतात आणि त्यांचे उपाय वेगळे. एक कायमचा: जहाज बांधताना, वेल्डिंग होताना, गोदीत महिनोन्‌महिने एकाच दिशेला उभं असताना पोलादात बसलेला. दुसरा प्रेरित: पृथ्वीच्या क्षेत्रामुळे त्या क्षणी तयार होणारा, जहाज वळलं की बदलणारा.

कायमच्या भागावर उपाय डीपर्मिंग. जहाजाभोवती जाड केबलचे वेढे रिळासारखे गुंडाळतात आणि त्यातून हजारो अँपिअरचे ठोके सोडतात: एकदा या दिशेने, एकदा उलट, दर वेळी थोडा कमी. पोलाद दोन्हीकडे हेलपाटे घेत शून्याजवळ येऊन थांबतं. त्याआधी कंपास, मनगटी घड्याळं, चुंबकीय टेप अशा सगळ्या गोष्टी उतरवतात. केबल गुंडाळण्याचंच काम अंगमोड करणारं असतं आणि त्यात दिवस जातात. ठोके कमी करत जाण्याची पायरी फार मोठी ठेवली तर पोलाद मधेच कुठेतरी अडकतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पाणबुडीला हे जास्त वेळा करावं लागतं, कारण खोल गेल्यावर हलवर दाब येतो, वर आल्यावर सुटतो, आणि दाबाखाली पोलाद पृथ्वीचं क्षेत्र पुन्हा आपल्यात मुरवून घेतं.

प्रेरित भागासाठी जहाजात कायमच्या कॉइल, म्हणजे केबलची वेटोळी, असतात. पाणरेषेच्या पातळीवर आडवी फिरलेली एम कॉइल उभं क्षेत्र खोडते. हलभोवती कड्यांसारख्या उभ्या फिरणाऱ्या एल कॉइल लांबीच्या दिशेचं. आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या ए कॉइल रुंदीच्या दिशेचं. एल आणि ए कॉइलमधला प्रवाह जहाजाच्या दिशेप्रमाणे आपोआप बदलतो, ए कॉइलचा डोलण्याप्रमाणेही.

इंग्लिश पुस्तकं वाचून आपल्याकडे एक गैरसमज होतो. ब्रिटनजवळ पृथ्वीचं क्षेत्र जमिनीशी सदुसष्ट अंशांच्या आसपास झुकलेलं आहे: उभा घटक सुमारे ४५,००० नॅनोटेस्ला, आडवा १९,०००. म्हणून तिथे एम कॉइल राजा. मुंबईजवळ झुकाव सव्वीस-सत्तावीस अंश, म्हणजे उलट प्रमाण: आडवा ३८,०००, उभा १९,०००च्या आसपास. आणखी दक्षिणेला तिरुनेलवेलीजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं, तिथे उभा घटक जवळजवळ नाहीसा होतो. कोकणच्या किनाऱ्याने दक्षिणोत्तर जाणाऱ्या जहाजात लांबीच्या दिशेचं प्रेरण भरपूर होतं आणि एल कॉइलवर भार येतो. मुंबईहून कोचीला पोहोचेपर्यंत एम कॉइलचा प्रेरित भाग बराच उतरवावा लागतो. तो तसाच ठेवला तर जहाज उलट्या बाजूने चुंबक होतं.

कॉइलमध्ये किती प्रवाह सोडायचा, हे मोजून ठरवतात. तळावर मॅग्नेटोमीटरची रांग असते (या जागेला रेंज म्हणतात), तिच्यावरून जहाज आधी उत्तरेला आणि मग दक्षिणेला नेतात. दिशा उलटली की लांबीचा प्रेरित भाग उलटतो, कायमचा उलटत नाही. दोन मोजमापांच्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे प्रेरित, बेरजेचा अर्धा म्हणजे बाकीचं. पूर्व-पश्चिम फेऱ्यांत हेच रुंदीच्या दिशेच्या घटकासाठी. उभ्या घटकात मात्र ही युक्ती चालत नाही, कारण जहाज उलटं करता येत नाही! तिथे वेगळ्या अक्षांशावर पुन्हा मोजावं लागतं किंवा गणिती प्रतिमानावर अवलंबून राहावं लागतं. भरती-ओहोटीची नोंद विसरलात तर आकडे निरुपयोगी. सेन्सर १५ मीटरवर असताना घेतलेली फेरी आणि पाणी दोन मीटर चढल्यावरची फेरी यांत, नुसत्या घनाच्या नियमाने, जवळपास दीडपट फरक पडतो.

बिघाड कुठे होतात? सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या दुरुस्तीनंतर एखाद्या कॉइलची टोकं उलटी जोडली जाणं. मीटर व्यवस्थित अँपिअर दाखवतो आणि ठसा कमी होण्याऐवजी दुप्पट होतो. म्हणून गोदीतून बाहेर पडल्यावर रेंजवर न जाता थेट कामावर जाणं हा जुगार आहे. जंक्शन बॉक्समध्ये खारं पाणी शिरून इन्सुलेशन उतरतं, ते मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) नियमित तपासावं लागतं. जायरोकडून (चुंबकाशिवाय दिशा दाखवणाऱ्या कंपासकडून) येणारी दिशा चुकली की एल कॉइल चुकीच्या चिन्हाने चालते. कॉइल चालू-बंद केल्यावर चुंबकीय कंपास वेगळा आकडा दाखवतो, त्यासाठी कंपासजवळ भरपाईची छोटी कॉइल असते आणि तिचंही समायोजन लागतं. आणि शेवटी माणसं: डेकवर चढवलेला एखादा जड सुटा भाग, नवीन लोखंडी कंटेनर, ज्याची नोंद कुणी करत नाही.

एक स्रोत पुष्कळांच्या लक्षात येत नाही: गंज रोखण्याची यंत्रणा. हलमधून समुद्रात सोडलेला प्रवाह कांस्याच्या पंख्यातून शाफ्टमार्गे परत येतो. शाफ्ट फिरताना बेअरिंगमधला संपर्क बदलतो, त्यामुळे हा प्रवाह आणि त्याचं क्षेत्र शाफ्टच्या गतीने धडधडतं. कॉइल त्याचं काही करू शकत नाही. शाफ्टला चांगलं अर्थिंग आणि ब्रशची स्वच्छता, एवढाच उपाय.

तेव्हा ‘अदृश्य’ हा शब्द सोडा. डीगॉसिंगने ठसा कमी होतो, म्हणजे सुरुंगाला जहाज अधिक जवळ यावं लागतं. शिवाय आजचे सुरुंग आवाज आणि पाण्याचा दाबही पाहतात. दाबावर हळू जाण्यापलीकडे फारसा इलाज नाही. ज्यांना सुरुंगांमध्येच शिरायचं असतं, ती सुरुंगशोधक जहाजं म्हणून फायबरग्लासची बांधतात, आणि जर्मनीच्या २१२ वर्गाच्या पाणबुड्या अचुंबकीय पोलादाच्या आहेत. सुपरकंडक्टर कॉइलही आली आहे. अमेरिकेच्या यूएसएस हिगिन्सवर २००८मध्ये ती बसवली. फायदा मुख्यतः केबलच्या वजनाचा.

घरी करून पाहायचं असेल तर फोनमध्ये मॅग्नेटोमीटरचं अॅप टाका. मुंबईत मोकळ्या जागी ४३ मायक्रोटेस्लाच्या (म्हणजे ४३,००० नॅनोटेस्लाच्या) जवळपास आकडा येईल. लोखंडी कपाटापासून अर्ध्या, एक आणि दोन मीटरवर, फोन एकाच दिशेला धरून, फरक लिहून घ्या. अगदी जवळ आठपटीचा नियम बसणार नाही, कारण तिथे कपाट हा एक चुंबक राहत नाही, त्याचा प्रत्येक पत्रा, दार, कडी वेगळी बोलते. तळावरच्या सुरुंगालाही जहाज तसंच दिसतं. म्हणून एकच मोठी कॉइल पुरत नाही, नाकापासून शेपटीपर्यंत ती तुकड्यांत विभागावी लागते.